मासे सोडण्यापूर्वी टाकी मुरू द्या

(शोभिवंत मत्स्यपालन प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शेतीला जोडधंदा म्हणून शोभिवंत मासे पाळण्याकडे आता बरेच जण वळू लागले आहेत. परसातील शेडमध्ये चार-सहा टाक्या मांडून घरच्या घरी हा धंदा करता येतो. काही जण केवळ हौस म्हणून ओसरीवर एखादी काचेची टाकी ठेवतात. दोघांनाही सुरुवातीला एकच अडचण येते. टाकी नवी, पाणी नवे, मासे नवे आणि आठ-दहा दिवसांत निम्मे मासे तळाशी किंवा पाण्यावर तरंगताना दिसतात.

मागे एका वर्गाला एक भगिनी मेलेले मासे बादलीत घालून घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारले, "साहेब, पाणी तर आरशासारखे स्वच्छ होते, खाद्य वेळेवर घातले, मग हे मेले कशाने?" त्यांनी बचत गटाचे पैसे त्यात घातले होते. दुकानदाराने रोगट मासे दिले असे त्यांना वाटत होते. टाकीच्या पाण्याची तपासणी केली तेव्हा रोग कोणताच नव्हता. पाण्यात अमोनिया साठला होता. डोळ्याला स्वच्छ दिसणारे पाणी माशाला मानवेलच असे नाही, हीच गोष्ट आज आपल्याला समजून घ्यावयाची आहे.

पाण्यात काय घडते?

आपण शेतात युरिया टाकतो. तो तसाच पिकाला लागू होत नाही. जमिनीत त्याचा प्रथम अमोनिया होतो, नंतर जिवाणू त्याचे नायट्राइट करतात व शेवटी नायट्रेट तयार होते. पिके बहुतांशी हे नायट्रेट घेतात. हे सर्व आपल्या पायाखालच्या मातीत रोज घडत असते. माशांच्या टाकीतही नेमके हेच घडावे लागते. फरक एवढाच की जमिनीत हे जिवाणू आधीपासून असतात, नव्या टाकीत ते जवळजवळ नसतात.

हे काम जिवाणू करतात हे श्लोसिंग व म्युंझ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ साली दाखवून दिले. त्यांनी वाळूने भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू पाझरू दिले. काही दिवसांनी खालून येणाऱ्या पाण्यात अमोनियाऐवजी नायट्रेट येऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच हे काम थांबले. पुढे बागेतील मातीचे थोडे धुवण त्यात घातल्यावर ते पुन्हा सुरू झाले. १८९० साली विनोग्राड्स्की यांनी हे जिवाणू वेगळे करून दाखविले. आपल्या टाकीतील स्पंज म्हणजे त्याच वाळूच्या नळीचे छोटे रूप आहे.

माशाच्या खाद्यात साधारण ३० ते ४० टक्के प्रथिने असतात. प्रथिनांतील नत्राचा काही भाग माशाच्या अंगी लागतो व बराचसा अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे बाहेर पडतो. ढोबळ हिशोब असा, की ३५ टक्के प्रथिनांचे १० ग्रॅम खाद्य मासे खात असतील तर सुमारे ०.३ ग्रॅम अमोनिया-नत्र पाण्यात येते. म्हणजे १०० लिटरच्या टाकीत रोज १ ग्रॅम खाद्य घातले, तर आठवड्यात लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम नत्र साठते. खाल्ले न गेलेले खाद्य कुजले तर हा आकडा वाढतो. पाणी मात्र तेवढेच स्वच्छ दिसते.

सामूचा संबंध

पाण्यातील सर्वच अमोनिया सारखा विषारी नसतो. पाण्याचा सामू व तापमान वाढले की त्यातील विषारी भाग वाढतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी असतो. सामू ८ झाला की तो सुमारे ५ टक्के व ९ झाला की सुमारे ३६ टक्के होतो. लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम विषारी अमोनिया बराच काळ राहिला तरी माशाच्या कल्ल्यांना इजा होते. आता मघाचा २ मिलिग्रॅमचा आकडा घ्या. सामू ८ असलेल्या पाण्यात त्यातील ०.१ मिलिग्रॅम विषारी ठरतो, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट.

देशावरील विहिरींचे व बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असून त्याचा सामू ८ च्या आसपास असतो. कोकणात जांभ्या दगडातील पाणी मऊ व किंचित आम्लधर्मी असते. सिमेंटच्या नव्या टाकीत तर चुन्यामुळे सामू ९ च्या वर जातो. म्हणून शेजाऱ्याचे मासे जगले तसे आपलेही जगतील, असे धरून चालू नये. आपल्या पाण्याचा सामू आपण तपासावा. सिमेंटची टाकी असल्यास ती भरून, चार-पाच दिवस ठेवून रिकामी करावी. सामू ८ च्या आसपास स्थिर होईपर्यंत असे पुन्हा पुन्हा करावे व त्यानंतरच पुढील काम सुरू करावे.

दोन टप्पे, दोन संकटे

अमोनियाचे नायट्राइट करणारे जिवाणू आधी वाढतात. त्यांनी तयार केलेले नायट्राइट हेच पुढच्या जिवाणूंचे अन्न असल्याने ते मागून येतात. त्यामुळे अमोनिया उतरू लागला की नायट्राइट चढू लागते. पहिल्या संकटातून वाचलेले मासे पुष्कळदा या दुसऱ्या संकटात मरतात. नायट्राइट रक्तात शिरते व रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घालविते. रक्त तपकिरी होते. पाण्यात हवा भरपूर असूनही मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात.

शेवटी तयार होणारे नायट्रेट त्यामानाने फारच कमी घातक असते. थोडे पाणी बदलल्याने व पाणवनस्पती लावल्याने ते आटोक्यात राहते. एक काळ असा होता की नायट्राइटचे नायट्रेट करण्याचे काम नायट्रोबॅक्टर करतात असे सर्व पुस्तकांत लिहिलेले असे. गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात, असे १९९० नंतरच्या दशकात दिसून आले. यांपैकी काही जाती दोन्ही टप्पे एकट्याच पार पाडतात हे २०१५ साली समजले. नावे बदलली तरी आपल्या दृष्टीने करावयाचे काम बदललेले नाही. ते म्हणजे या जिवाणूंना जागा, प्राणवायू, अन्न आणि वेळ देणे.

यांतील वेळ सर्वांत महत्त्वाचा. दुधात विरजण घातले की रात्रीतून दही लागते, कारण दह्याचे जिवाणू झपाट्याने वाढतात. आपले हे जिवाणू मात्र सावकाश वाढतात. चांगल्या परिस्थितीतही दुप्पट होण्यास त्यांना साधारण अर्धा ते एक दिवस लागतो. म्हणून नवी टाकी तयार होण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. कच्चे शेणखत घातले तर रोपाची मुळे करपतात आणि म्हणून आपण खत कुजू देतो. टाकीही तशीच मुरू द्यावी लागते.

टाकी कशी मुरवावी?

३ फूट लांब, १ फूट रुंद व सव्वा फूट उंच टाकीत सुमारे १०० लिटर पाणी मावते. पुढील प्रमाण या टाकीसाठी आहे.

१. टाकी मजबूत व समतल जागेवर, थेट ऊन लागणार नाही अशी ठेवावी. पाण्याचेच वजन १०० किलो भरते हे लक्षात असावे. तळाशी धुतलेली बारीक खडी पसरावी.

२. हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर बसवून तो रात्रंदिवस चालू ठेवावा. जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते स्पंजवर, खडीवर व काचेवर चिकटून राहतात. त्यांना प्राणवायू भरपूर लागतो. ज्या गावात वीज वारंवार जाते तेथे बंद डब्याच्या फिल्टरपेक्षा पाण्यात उघडा राहणारा स्पंज बरा. वीज गेल्यावर बंद डब्यातील प्राणवायू लवकर संपतो. बॅटरीवर चालणारा पंप जवळ असल्यास उत्तम.

३. पाणी ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या नळाचे असल्यास त्यात टी.सी.एल. पावडरीचा क्लोरीन असतो. तो मासे व जिवाणू दोघांनाही मारक आहे. असे पाणी उघड्या पिंपात हवा सोडून २४ ते ४८ तास ठेवावे. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेट, म्हणजे छायाचित्रकार ज्याला हायपो म्हणत ते, १०० लिटरला दीड ग्रॅम टाकावे. लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंतच्या क्लोरीनला ते पुरते. बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून तेही एक दिवस हवा देऊनच वापरावे.

४. आता जिवाणूंना अन्न द्यावयाचे. मासे नसताना हे अन्न आपण घालतो. सोपा मार्ग म्हणजे रोज चिमूटभर, सुमारे १ ग्रॅम, माशांचे खाद्य टाकून ते कुजू द्यावे. यात घाण होते व वेळ अधिक लागतो. अधिक चांगला मार्ग म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाला जो नवसागर वापरतो तोच हा पदार्थ. मात्र बाजारातील नवसागर अशुद्ध असतो, तेव्हा प्रयोगशाळेत वापरतात तोच शुद्ध घ्यावा. साडेसात ग्रॅम अमोनियम क्लोराइड १ लिटर पाण्यात विरघळवून ठेवावे. त्यातील १०० मिलिलिटर म्हणजे आपल्या टाकीची एक मात्रा. तिने लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया-नत्र मिळते. घाई करून दुप्पट-तिप्पट मात्रा देऊ नये. अमोनिया फार झाला तर हे जिवाणूच मंदावतात. ही बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

येथे एक प्रश्न नेहमी विचारला जातो. घरात युरियाचे पोते आहे, तोच का वापरू नये? युरियाचा प्रथम अमोनिया व्हावा लागतो. नव्या टाकीत त्याला किती दिवस लागतील याचा भरवसा नाही. त्यामुळे हिशोब चुकतो. मिश्र खतांत स्फुरद असल्याने शेवाळ माजते. म्हणून खताचे पोते शेतासाठीच राहू द्यावे.

५. विरजण घालावे. ज्याच्याकडे जुनी, निरोगी टाकी आहे त्याच्याकडून वापरलेल्या स्पंजचा तुकडा किंवा मूठभर खडी आणावी. ती टाकीच्याच पाण्यात भिजलेली ठेवावी, वाळू देऊ नये व त्याच दिवशी आपल्या टाकीत ठेवावी. असे विरजण मिळाले तर ४ ते ६ आठवड्यांचे काम निम्म्यावर येऊ शकते. ज्या टाकीत मासे मरत आहेत तेथून काही आणू नये. तळ्यातील गाळही आणू नये, त्याबरोबर परजीवी व चतुराच्या अळ्या येतात. बाटलीत मिळणारी जिवाणू संवर्धके काही उपयोगी पडतात, काही पडत नाहीत. रायझोबियमचे पाकीट घेताना आपण जशी मुदत व साठवणूक पाहतो तशी येथेही पाहावी आणि खरी परीक्षा तपासणीतच करावी.

६. अमोनिया, नायट्राइट व सामू तपासण्याचे संच मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात. एक-दोन दिवसांआड तपासणी करून तारखेसह वहीत लिहावी. पहिल्या एक-दोन आठवड्यांत अमोनिया टिकून राहतो, नंतर उतरतो. मग नायट्राइट चढते व बरेच दिवस चढलेलेच राहते. या काळात कंटाळून मासे सोडण्याचा मोह होतो, तो आवरावा. अमोनिया शून्यावर आला की पुढची मात्रा द्यावी. नायट्राइट फारच चढलेले असल्यास निम्मी मात्रा पुरे, गरज वाटल्यास थोडे पाणी बदलावे.

७. दोन्ही शून्यावर येऊ लागले की शेवटची परीक्षा घ्यावी. संध्याकाळी एक पूर्ण मात्रा द्यावी व २४ तासांनी तपासावे. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य असे लागोपाठ दोनदा आले म्हणजे टाकी तयार झाली. आता साठलेले नायट्रेट काढण्यासाठी निम्म्याहून अधिक पाणी बदलावे. मासे आणण्यास चार-आठ दिवस उशीर होणार असेल तर थोडी थोडी मात्रा चालू ठेवावी, नाहीतर जिवाणू उपाशी पडतात.

थंडी व मऊ पाणी

हे जिवाणू २५ ते ३० अंश तापमानाला चांगले काम करतात. खानदेश-विदर्भातील हिवाळ्यात पाणी गार झाले की काम रेंगाळते. पाणी गरम ठेवणारा हीटर असल्यास लावावा, नसल्यास चार आठवड्यांऐवजी आठ लागतील असे गृहीत धरावे.

दुसरी गोष्ट, हे काम होताना पाण्यातील कार्बोनेट खर्ची पडतात. १ ग्रॅम नत्रामागे सुमारे ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी विम्लता कमी होते. जड पाण्यात हे जाणवत नाही. कोकणातील मऊ पाण्यात मात्र सामू घसरतो आणि तो ६ च्या जवळ आला की जिवाणूंचे काम जवळजवळ थांबते. अशा ठिकाणी धुतलेल्या शिंपल्यांचे तुकडे जाळीच्या पिशवीत घालून टाकीत ठेवावेत.

मासे सोडताना

टाकी तयार झाली तरी एकदम गर्दी करू नये. सुरुवातीला गप्पी, मोली, झेब्रा यांसारखे काटक मासे थोडे आणावेत. पिशवी १५ ते २० मिनिटे पाण्यावर तरंगू द्यावी, मग टाकीतील पाणी थोडे थोडे पिशवीत मिसळावे व जाळीने मासे उचलून सोडावेत. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. पहिल्या दिवशी खाद्य देऊ नये. नंतर दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. पुढचे मासे एक-दोन आठवड्यांनी, तपासणी शून्य असेल तरच आणावेत.

नेहमी होणाऱ्या चुका

स्वच्छतेच्या नादात आपणच जिवाणू घालवतो. स्पंज नळाखाली धुतला की महिन्याची मेहनत वाहून जाते. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा. सर्व पाणी उपसून, खडी घासून टाकी नव्याने भरू नये. आठवड्याला पाव भाग पाणी बदलणे पुरेसे असते. ते काढलेले पाणी परसबागेतील भाजीला घालावे, त्यात नायट्रेट असते. मीठ किंवा औषध घातलेले पाणी मात्र घालू नये.

पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ होते. हे वेगळ्या जिवाणूंमुळे होते व आपोआप निवळते. त्यासाठी औषध टाकण्याची गरज नाही. प्रतिजैविके व मेथिलीन ब्लू यांमुळे आपले उपयोगी जिवाणू मरतात, म्हणून आजारी माशाला वेगळ्या टबात ठेवून उपचार करावेत.

मासे आधीच सोडले असतील तर?

आपल्यापैकी काहींनी मासे आधीच आणले असतील. त्यांनी घाबरून जाऊ नये. खाद्य दोन दिवस बंद ठेवावे व नंतर अगदी थोडे द्यावे. रोज पाव ते एकतृतीयांश पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरीन काढलेले व त्याच तापमानाचे असावे. हवा वाढवावी. नायट्राइट दिसत असल्यास १०० लिटरला १० ग्रॅम साधे खडे मीठ विरघळवून घालावे. मिठातील क्लोराइडमुळे नायट्राइट रक्तात शिरण्यास अडथळा होतो. पुढे जेवढे पाणी बदलाल तेवढ्यापुरतेच मीठ पुन्हा घालावे. तपासणीत दोन्ही शून्य येईपर्यंत हा क्रम सोडू नये आणि तोवर एकही नवा मासा आणू नये.

धंदा करणाऱ्यांसाठी

ज्यांना टाक्या वाढवावयाच्या आहेत त्यांनी एक सवय लावून घ्यावी. चालू टाकीत नेहमी दोन-तीन जादा स्पंज लावून ठेवावेत. आपण जशी रोपवाटिका ठेवतो तशी ही स्पंजांची रोपवाटिका समजावी. नवी टाकी मांडली की त्यातील एक स्पंज उचलून तिच्यात लावावा. पहिल्या टाकीला दीड महिना लागला तरी पुढच्या टाक्यांना तेवढे थांबावे लागत नाही.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या भगिनींना मी हेच सांगितले होते. त्यांना ते पटले, पण त्या म्हणाल्या, "हे मासे आणण्याच्या आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते." त्यांचे म्हणणे खरे होते. मासे मेले म्हणजे त्यांचे पैसे तर जातातच, पण हा धंदा आपल्याला जमणार नाही असे माणूस मनाशी धरून बसतो आणि टाकी अडगळीत जाते. त्यांनी मात्र तीच टाकी पुन्हा भरली, रोज वहीत आकडे लिहिले आणि मासे नसलेली टाकी सहा आठवडे चालू ठेवली. शेजारीपाजारी हसत होते. नंतर सोडलेले मासे टिकले.

पेरणीपूर्वी आपण जमिनीची मशागत करतो तेव्हा शेतात काहीच उगवलेले नसते, तरी ते दिवस वाया गेले असे आपण म्हणत नाही. माशांच्या टाकीचे हे चार-सहा आठवडेही तसेच समजावेत. तपासणीचा संच प्रथम घ्या, वही घाला आणि मासे सर्वांत शेवटी आणा. काही अडचण आल्यास टाकीतील पाण्याची बाटली व आपली वही घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा मत्स्य महाविद्यालयात अवश्य जावे.